संयोगितानं न दिलेला खो

खो-खोत पाठलाग करणारीनं बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं की पुढं पळायची पाळी तिची. इस्लामपूरच्या संघाची कप्तान संयोगिता आम्रपालीच्या पाठीवर मात्र कधीच थाप मारत नसे.

“बौद्धवाड्यातली हाय न्हवं, कशाला शिवंल?” मुली खिदळायच्या. संयोगिता त्यांना गप्प करायची नाही. खरं कारण सांगायची तिला जास्त लाज वाटायची. फौजी बापानं तिला भारी बूट घेतले होते, रोज बदाम चारले होते. आम्रपाली बापाविना वाढलेली, पहाटे आईबरोबर हळद काढून पिवळ्या नखांनी सरावाला येणारी. तरी ती उठली की गडी बाद, आणि सगळ्या टाळ्या तिच्या.

सांगलीत जिल्हा निवडीचा सामना होता. शेवटचं मिनिट, शेवटचा गडी. संयोगिताला धाप लागली होती. समोर आम्रपालीचीच पाठ होती.

“दे की गं! हात बाटतोय व्हय?” आम्रपाली ओरडली.

संयोगितानं सणसणीत थाप मारली. “खो!”

आम्रपालीनं सूर मारून गडी टिपला. संघातून एकटी तीच निवडली गेली.

“पाच बोटं उठल्यात पाठीवर,” नंतर ती म्हणाली. “माझ्या जातीचा एवढा राग?”

“जातीचा न्हाई,” संयोगिताचे डोळे भरले. “तुझ्या पळण्याचा. लय जळते मी तुझ्यावर.”

“मग जळ की,” आम्रपाली म्हणाली. “पर त्या पोरी बोलत हुत्या, तवा त्येवढंच सांगायचं हुतंस.”