सुतकातल्या वड्या

बहीण गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी तिच्या सासरच्या स्वयंपाकघरात खजूर चिरत बसले होते. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरच्यांना तीनच दिवसांचं, म्हणून सकाळी अंघोळ करून मी मोकळी झाले होते. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला मात्र दहा दिवस पाळायचे होते. शेजारून पिठलं-भात येई, ती दोन घास चिवडून ताट सरकवी. डोळे खोल गेले होते तिचे. तिने मला एकदाच सांगितलं, आईच्या वड्या हव्यात.

त्या वड्यांना विस्तव लागत नाही. कॉर्नफ्लेक्स नि कुरमुरे हाताने चुरायचे, खजूर आणि पीनट बटर मिक्सरमधून काढून त्यात कालवायचं, थाळीत वाटीच्या बुडाने थापून फ्रिजमध्ये ठेवायचं. सुतकात तळण नको, फोडणी नको. इथे तर गॅसही पेटत नव्हता. कोणाची हरकत असणार, असं मला वाटलं. इतकी पुस्तकं वाचून मी एवढी भाबडी राहिले.

बहिणीच्या सासूबाई दारात आल्या. गोड ते गोडच, म्हणाल्या, दहा दिवस निघत नाहीत का पोरीचे? भेटायला आलेली एक बाई ओटीवरून सर्वांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, "मावशीला बाय वड्या सुचतायत." मेहुणे तिथेच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि फरशीकडे बघत राहिले.

मी थाळी फ्रिजमध्ये ठेवली आणि जरा पडले. उठून पाहिलं तर थाळी मोरीपाशी पालथी, घासून लख्ख.

"गाईला घातलं," सासूबाई म्हणाल्या. "वाया नाही गेलं."

गाय जेवली होती. पोर उपाशी होती.

मला ओरडता येत नाही. उरलेलं सामान मी पिशवीत भरलं, भाचीचा हात धरला आणि ओटीवरच्या सगळ्यांसमोरून पिठलं पाठवणाऱ्या शेजारणीकडे गेले. तिने काही न विचारता मिक्सर पुढे केला. घाईत अर्धे कुरमुरे खाली सांडले. वड्या थापायला मी थांबलेच नाही. भाचीने मऊ गोळाच तोंडात घातला, चावला आणि थांबली.

"आई वरून मीठ टाकायची."

मला माहीत नव्हतं. सख्खी बहीण मी, आणि मला माहीत नव्हतं. त्या क्षणी सासूबाईंपेक्षा माझाच राग आला. शेजारणीने तिच्या उरणच्या माहेरून आलेलं जाडं मीठ चिमटीने भुरभुरवलं. पोरीने चार गोळे खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायली.

परतलो तेव्हा सासूबाईंनी तिच्या हनुवटीवरचा चुरा पाहिला. खाल्लंस का गं, त्यांनी तिलाच विचारलं. ती माझ्यामागे सरली.

"मी भरवलं," मी म्हणाले. "उद्याही भरवणार आहे."

उरलेले सहा दिवस मी तिला रोज पुढच्याच दाराने शेजारणीकडे नेलं. त्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. मलाही बोलायचं नव्हतं.