विडा पडला तेव्हा

पाडव्याला मालक गड्यांना विडा द्यायचे. इतरांच्या हातावर ठेवायचे. आम्हा बौद्धवाड्यातल्यांना वरून टाकायचे. विडा घेतला की साल ठरलं, वर्षभर गडी मालकाचा. मांडवगणच्या शिवारात करार म्हणतात तो एवढाच.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. ओसरीखाली उन्हात माझे वडील, आबा, उपरण्याची झोळी करून उभे. मागं मी. मालक म्हणाले, "बायकू गेली तुझी. आता गोठ्याचं शेण ही पोरगी काढंल."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बैल घेताना निदान दात तरी बघतात.

आईही त्याच गोठ्यात राबली. अंगात ताप फणफणलेला. आबा तिच्यासाठी सुट्टी मागायला गेले तर उत्तर आलं, "सालात दोघं धरलीत." शेणाची पाटी घेऊन उकिरड्याच्या वाटेवर ती खाली बसली, ती उठलीच नाही. तिला कुणी विडा दिला नव्हता. आबांच्या विड्यात ती फुकट धरली होती.

त्या पाडव्याला मालकाकडं येताना आबा वाटभर एकच घोकत होते, "पोरगी सालात न्हाई. तिला शिकवायचीय." ओसरीपुढं त्यांनी नुसती झोळी सावरली. मग मीच म्हणाले, "मी सालात न्हाई."

मालक हसले. "मग तूबी जा की रं," आबांना म्हणाले, आणि विडा मागं घेतला.

झोळी तशीच पसरलेली. घरी धाकटी दोन भावंडं. माझ्या धिप्पाड बापानं मान खाली घातली. "ल्हान हाय, मालक. करंल ती."

विडा पडला. मला आबांचा राग आला नाही. रडू आलं, ते मालकापुढं गिळलं.

गोठ्यात मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दौंडला मावशीकडं निघाले. आबा शिवेपर्यंत आले. "जा. शेण मी काढीन." दोघांचं काम एकट्यानं ओढलं. पुढचा पाडवा त्यांनी बघितला नाही.

आता मी दौंडच्या एका कारखान्यात युनियनतर्फे बोलणी करायला बसते. साहेब खुर्ची देतात, चहा सांगतात, कराराचा कागद पुढं सरकवतात. मी आधी विचारते, "ज्या बायांनी राबायचं, त्या कुठं हायेत?" त्या दाराबाहेर उभ्या असतात. त्या आत येऊन बसल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

दुसऱ्याच्या सहीत कुणाची बायको, कुणाची लेक फुकट धरू देणार नाही. करार मोडला तर मोडू दे.