यादीत नसलेला नंबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आता का सांगतोय? — ठाऊक नाही. सांगतोय एवढं खरं.

आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला गेलो तेव्हा आसपास पंधरावीस मराठी घरं होती. तिथल्या मराठी मंडळाची टेलिफोन यादी मी करायचो — टाइपरायटरवर, दर गणपतीला नवी. आधी सगळ्यांचे नंबर-पत्ते आणि शेवटच्या पानावर उपयोगी माणसं. दातांचा डॉक्टर, बरा मेकॅनिक, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एक बाई. कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, त्याला विचारा, त्याच्याकडे नंबर असतोच. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे कळेलच.

त्या शेवटच्या पानावर एक नंबर मी कधीच टाकला नाही.

माझी नोकरी गेली हे सगळ्यांना माहीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षंच तशी, मंदीची. मंडळातल्या बऱ्याच जणांची गेली. मग काढलेलं व्हिडिओ कॅसेटचं दुकान बुडालं, तेही लोकांनी पाहिलं. पण घराचे हप्ते थकले आणि लिलावाची नोटीस आली, हे फक्त मी आणि माझी बायको सुमती जाणत होतो. दिवाळखोरीचा वकील शोधायचा कसा? दाढ दुखत असती तर चार घरी फोन केले असते. मी टेलिफोन बुकातली पिवळी पानं उघडली, आमच्या गावातली नावं मुद्दाम सोडली आणि शेजारच्या ऑरोरातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. बूट दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली. कागद चाळून बाई म्हणाल्या, लिलावाआधी कोर्टात अर्ज गेला की लिलाव थांबतो. थकलेले हप्ते मग थोडे थोडे फेडा, घर तुमचंच राहील. तसंच झालं; मला दुसरी नोकरीही लागली. कुणाला कळलं नाही.

आडवळणानं चाललोय ना मी? — येतो, मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी, वसंता आला. वसंता माझा तिथला सगळ्यात जवळचा मित्र. ट्रॅक्टरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता; घरी बायको शुभावहिनी आणि एक मुलगी. कारखाना बंद पडला होता. बुटांवरचा बर्फ झटकून तो किचनमध्ये बसला आणि खिशातून एक कागद काढला. मी तो न वाचताच ओळखला. त्याच्या घराचा लिलाव पाच आठवड्यांवर आला होता.

"यार, तुझ्याकडे सगळ्यांचे नंबर असतात," तो म्हणाला. "बँकरप्टसीचा एखादा लोकल लॉयर माहीत आहे का? मला यातलं काहीच कळत नाही."

वकीलबाईंच्या नंबरचे सात आकडे. मला तोंडपाठ होते.

"नाही रे," मी म्हणालो. "आपल्यात कुणावर असली वेळच आली नाही. चौकशी करतो."

आपल्यात कुणावर असली वेळच आली नाही — हे बोलायची काय गरज होती? नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यानं कागदाची घडी घातली, चार वेळा घातली, आणि खाली मान घालून चहा प्यायला.

ऑफिसमध्ये कुणीतरी सांगितला अशी थाप मारूनही नंबर देता आला असता. हे मला सुचलंच नाही असं समजू नका. तो बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता तेव्हाच सुचलं. मी खिडकीत उभा होतो. पण बाई त्याच्याजवळ सहज बोलून गेल्या, की याआधीही तुमच्यातले एक जण आले होते, तर? माझ्या मित्राचं छप्पर एका बाजूला आणि ही धास्ती दुसऱ्या बाजूला. मी खिडकीतून हललो नाही.

सुमती बाजारहाट करून आली. तिला सगळं सांगितल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं, "बाईंचा नंबर दिलास ना?"

दिला, म्हणालो. वर हेही म्हणालो, की तो फार शरमलाय, तू शुभावहिनींकडे विषय काढू नकोस. बघा, कसा चोख बंदोबस्त केला मी.

वसंतानं नंतर दोनदा फोन केला. चौकशी चालू आहे, असं सांगत राहिलो. शेवटी त्यानं पेपरातली जाहिरात पाहून शिकागोतला कुणीतरी गाठला. त्या माणसानं फी घेतली आणि अर्ज वेळेत केलाच नाही. घर गेलं. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून तिघं ओहायोला, शुभावहिनींच्या भावाच्या बेसमेंटमध्ये राहायला गेली. निघताना सगळ्यांसमोर माझा हात धरून वसंता म्हणाला, "ह्यानं माझ्यासाठी फार धावपळ केली."

पुढच्या गणपतीला मी नवी यादी टाइप केली. वसंताच्या खालची नावं एकेक ओळ वर सरकली.

शुभावहिनींची पत्रं यायची. सुमतीनं हळूहळू उत्तरं द्यायचं सोडलं. बाईंचा नंबर हातात असून त्यांच्याकडे गेला नाही, हेकट माणूस, बायकोपोरीचे हाल केले — असं ती म्हणायची, आणि मी मान हलवायचो. किती वर्षं? तीस तरी. सुमती गेल्या वर्षी गेली. वसंताला हेकट समजूनच गेली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वसंताचा फोन आला. रडला. मग म्हणाला, "त्या वेळी तू आमच्यासाठी किती केलंस. आता तुला काही लागलं तर मला सांग."

मी त्याला थँक्यू म्हणालो.