यिमआजीची मूठ

यिमआजीच्या घरात तांदूळ कुठे नव्हता ते विचारा. उशीत तांदूळ, छताच्या बांबूत तांदूळ, विहारात जायच्या ठेवणीतल्या लुंगीच्या घडीत तांदूळ. एकदा सुनेनं उशी उन्हात टाकली, तर शेजारच्या सगळ्या कोंबड्या जमल्या.

"अहो आई, हे घर आहे की गिरणी?"

"तुला काय कळतंय गं! पोटभर जेवून वाढलीस तू!" आजीनं तिला उडवून लावलं.

बाट्टाम्बांगजवळच्या त्या गावात सगळे तिला हसायचे, पण बेतानंच. हुकूमशाही राजवटीनं सगळं पीक ओढून नेलं, त्या पावणेचार वर्षांत भात पिकवणारीच माणसं उपाशी मेली, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. आजीचा धाकटा भाऊ लोन त्यातच गेला. सात वर्षांचा होता.

आता पंचाईत अशी, की पितरांच्या पंधरवड्यात पहाटे, उजाडायच्या आत, विहाराभोवती फिरत अंधारात भाताचे गोळे टाकायचे असतात. भुकेली पितरं सात विहार धुंडाळतात आणि आपल्या माणसाचा गोळा मिळाला नाही तर रडत परत जातात. आजी दरवर्षी लोनसाठी गोळा वळायची, तीन फेऱ्या मारायची आणि तो पोलक्यात कोंबून घरी आणायची. मूठ काही केल्या उघडायचीच नाही मेली! गेल्या वर्षी तर मुंग्यांनी तिला भर प्रवचनात नाचवलं.

यंदा ती वुथा भंतेंकडे गेली. भंते सत्तरीचे, जाडजूड, ध्यानात घोरतात म्हणून बदनाम. पण गावातली झोपेत दचकणारी माणसं त्यांच्यापाशीच येऊन बसायची.

"भंते, पंचेचाळीस वर्षं झाली, लोन उपाशी फिरतोय. माझ्यामुळे."

"मुठीशी भांडू नकोस. सावकाश श्वास घे आणि तिच्याकडे नुसतं लक्ष दे. काय म्हणतेय?"

आजीनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणतेय, भंतेंचं पोट सुटलंय."

"खरंच आहे. आणखी?"

आजी एकदम रडायलाच लागली. "मी मूठभर भात चोरला होता, भंते. निम्मा लोनचा होता. वाटेत सगळा मीच खाल्ला."

"किती वर्षांची होतीस?"

"अकरा."

"मग त्या पोरीलाही भूक लागली होती ना? तिला आजवर कोणी जेवायला घातलंय? उद्या दोन गोळे वळ. एक आधी तू खा, मग दुसरा सोड."

दुसऱ्या दिवशी पहाटे आजी विहाराच्या भिंतीपाशी उभी राहिली. पहिला गोळा तिनं हुंदके देत खाल्ला. मग मुठीकडे लक्ष देत श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बोटं एकेक करून सैल झाली आणि गोळा सुटला.

तो जमिनीवर पडतो न पडतो तोच विहारातल्या लंगड्या कुत्र्यानं झडप घातली.

"अरे मुडद्या! लोनचा आहे तो!" चप्पल उगारून आजी त्याच्यामागे धावली. फेरीतली माणसं हसू दाबत बाजूला झाली. कुत्र्यानं तिच्याकडे बघत अख्खा गोळा एका घासात गिळला.

आजीचा हात वरच राहिला. लोनही असाच गिळायचा, न चावता, कोणी हिसकावून घेईल म्हणून घाबरत.

तिनं चप्पल खाली टाकली. "सावकाश खा रे बाबा," ती म्हणाली, आणि असू दे म्हणून पोलक्यात लपवून आणलेला तिसरा गोळाही काढून त्याच्यापुढे ठेवला.