सातव्या दिवसाचं नाव

काचेच्या पेटीच्या लोखंडी पायावर दोन बोटं हळूच वाजवायची आणि विचारायचं, "नाव काय म्हनलं?" चाचांचा दिवस असा सुरू व्हायचा. पेटीत सव्वा किलोचं बाळ, नाकात नळी. ते काय सांगणार?

अकोल्याच्या एका लहानशा दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत मी सिस्टर होते आणि चाचा वॉर्डबॉय. साठीला टेकलेले, रोज बाळापूरहून एसटीनं येणारे. अशा बाळांच्या पायाला आईच्या नावाची पट्टी बांधतात, तुम्हीही पाहिली असेल. सुनीताचं बाळ, रुखसानाचं बाळ. चाचांना ती पट्टी कधी पटली नाही. "बिना नावाच्या मानसाले थांब म्हनावं तरी कसं?" मी म्हणायची, चाचा, आधी फरशी पुसा, मग बारसं करा. ते दोन्ही करायचे.

एकदा बाळापूरकडच्याच एका भाजीवाल्या घरचं बाळ आलं. वांगी-कोबी पिकवणारी माणसं. आधीची दोन लेकरं गेलेली, हे तिसरं सातव्या महिन्यातच झालेलं. आजीनं त्याचं नाव ठेवलं उकर्डा. आमच्या वऱ्हाडात लेकरं जगत नसली की असं नाव ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, हा कचरा कशाला न्यायचा. माझ्या आजोबांचं नाव हेच होतं आणि ते नव्वदीपर्यंत जगले, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चाचांना वाटलं. "माय, लपवता कावून त्याले? सीधं सांगा ना, हा जगनार हाय म्हनून."

"सांगू कसं?" आजीनं विचारलं.

"याह्या म्हना."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नाव अरबी, अर्थ 'तो जगतो'. झकरिया पैगंबर म्हातारे झाले तरी घरात मूल नव्हतं. त्यांनी अल्लाहकडे मागितलं. मुलगा होईल असा निरोप आला, त्यातच त्याचं नावही आलं, याआधी कुणाचंच नसलेलं. पाळणा हलायची आशा सुटली होती, त्या घरातलं हे नाव.

बाळाचा बाप घुटमळला. "आपल्यात चालन का हे?"

आजीनं त्याला गप्प केलं. "शाळेत तुले पायजे ते लाव. मले आता जगनारं पायजे." आणि चाचांना विचारलं, "तो जगला ना पन?"

चाचा जरा थांबले. "जगला. मोठा झाला, लय शहाना निंगाला."

ते थांबणं माझ्या ध्यानात राहिलं. चहाच्या वेळी मी विचारलंच.

"मोठेपनी राजानं मारलं त्याले. पन ते आज सांगून काय करू तिले?" चाचा म्हणाले, आणि कप खाली ठेवला. त्यांचा पहिला मुलगाही असाच अपुऱ्या दिवसांचा होता. याह्या हे नाव त्याच्यासाठी धरून ठेवलेलं. त्यांच्यात सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावानं कुर्बानी, करून नाव ठेवतात. घरचे म्हणाले, सातव्या दिवशीच ठेवू. बाळ पाचव्या दिवशी गेलं.

"नाव तयार होतं, सिस्टर. हाकच मारली नाही."

मला फार वाईट वाटलं. मी दोघांचे कप विसळून ठेवले.

त्यानंतर त्या पेटीपाशी चाचा बोटं वाजवायचे, पण नाव विचारायचे नाहीत. "याह्या, आज दूध किती पेला?" असं अगदी हळू, पेटीपुरतं. एकदा बाळाचा श्वास अडला. डॉक्टर आणि मी हात चालवत होतो, तेव्हा चाचा कोपऱ्यात पोछा धरून तेच नाव पुटपुटत उभे होते. चव्वेचाळिसाव्या दिवशी बाळ घरी गेलं.

दोन वर्षांनी चाचांनी काम सोडलं. त्या शेवटच्या दिवशी आम्ही पेढे आणले होते. ती भाजीवाली मंडळी कोबीचं अर्धं पोतं घेऊन आली. पोरगं आईच्या कडेवरून उतरलं आणि चाचांनी नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून धावत सुटलं.

"ए याह्या, इकडं ये," आजी खेकसली.

पोराच्या आधी चाचांनी वळून पाहिलं. ते नाव त्यांनी इतकी वर्षं मनात घेतलं होतं, फार तर पुटपुटलं होतं. घरचं माणूस पोरावर डाफरताना ते नाव मोठ्यानं घेतंय, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पोरगं मुकाट्यानं येऊन आजीच्या लुगड्याला चिकटलं.

"माय," चाचा म्हणाले, "अजून एक डाव बोलवा ना त्याले."

पोरगं तिच्या पायाशीच उभं होतं. तरी आजीनं हाक मारली, चांगली मोठ्यानं.