फॉर्मातला तो एक प्रश्न

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, आईलेही नाही. तुम्हाले काहून सांगून राहिली — आता पोटात मावत नाही म्हणून.

मी आंधळगावात आशा वर्कर आहे. घरोघरी जाऊन बायांचे फॉर्म भरते. बीपी, शुगर, तंबाखू-खर्रा खाता का — सारं भराभर विचारते. पण त्यात एक प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का? तिथं आली की माझी बोबडी वळते. ओसरीवर सासरा बसला असते, सासू कान देऊन असते. कसं विचारावं, सांगा? ट्रेनिंगमध्ये मॅडम हातानं तपासायचं शिकवून राहिल्या होत्या, अन् आम्ही साऱ्या तोंडाले पदर लावून फिदीफिदी हसलो. मग काय — 'नाही'वर टिक, चला पुढे. किती बायांचं 'नाही' मीच म्हटलं असंल! डोकं फिरते माझं.

घरात माझी मोठी जाऊ होती. मी तिले बाई म्हणायची. तिचा फॉर्म मी सैपाकखोलीतच भरला. तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, तिथंच जेवत होते. भासऱ्यांपुढे आमच्याकडे आवाजही काढत नाहीत, अन् हे विचारायचं? विचारलं नाही. एकांतात विचारता आलं असतं ना? आलं असतं. मी टिक केली होती, झालं.

पुढच्या साली धानाच्या रोवण्यात बाई एकाच हातानं पऱ्ह्यांची रोपं उचलू लागली. हात भरून येते म्हणे. मले शंका आली नाही? — आली होती. तरी गप्प राहिली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तवा छातीतली गाठ फुटून जखम उघडी पडली होती. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "घरात आशा आहे ना? कोणी विचारलं नाही यांना?"

भासरे माझ्याकडे पाहून राहिले होते. अन् मी — मी म्हटलं, "विचारलं होतं जी. बाईच नाही म्हणाल्या."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो, विचारलं होतं हिनं. मीच लाजली."

मले तिचा असा राग आला! काहून वाचवलं मले? खोटारडी म्हणायचं होतं ना तिथंच, साऱ्यांसमोर! पण नाही. भासरे शेवटपर्यंत तिले बोलत राहिले, "घरात शिकलेली जाऊ असून तू लपवलं." ती ऐकत राहिली. मी तिले पेज पाजत होती, मीही ऐकत राहिली.

गेली ती.

तिची पोरगी नाकाडोंगरीले दिली आहे. परवा आली होती. आईच्या फोटोकडे पाठ करून बसली अन् म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलं तवा आईनं खरं सांगितलं असतं, तर आज जिवंत असती. मी तिले माफ नाही करत."

मी तिच्यापुढे चहा ठेवला.