घोयऱ्यासाठी नाकतोडे

"माझ्या रानात एक किडा दाखवा, मिशी उतरवतो," असं मी चारचौघांत छाती काढून बोलायचो. कुणी कधी दाखवला नाही. फवारणीचा पंप पाठीवर वागवण्यात माझी उमर गेली. दोन्ही लेकी सासरी, घरात आम्ही नवराबायको दोघंच.

त्या हिवाळ्यात तूर कापताना हिच्या विळ्याखाली घोयऱ्याचं पिल्लू आलं. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा, झुलत झुलत चालणारा सरडा. हे बोटाएवढं होतं आणि मागच्या पायाला विळा लागला होता. "वयनी, फेका ते, विषारी असतंय!" शेजारच्या रानातली माणसं ओरडली. विषारी-बिषारी काही नसतं ते. हिनं त्याला पदरात घेऊन घरी आणलं, अंगणातल्या लिंबोणीच्या फांदीला जुनी मच्छरदाणी बांधली आणि आत सोडलं. "माझ्या हातनं लागलंय," एवढंच म्हणाली.

येडशीच्या अभयारण्यात कामाला असलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी फोन लावला. तो म्हणाला, "काका, ते पाळायचं नसतंय. पाय बरा झाला की सोडा. पण तऱ्हेतऱ्हेचे किडे धरून खायला लागल्याबिगर सोडू नका, उपाशी मरंल."

इथंच घोडं अडलं. साहेबांना फक्त तुरीच्या शेंगेतली हिरवी अळी चालायची; ती शेजारच्या रानातनं आणावी लागायची. माशी दिली, तोंड फिरवलं. मुंगी दिली तर डोळेच मिटून घेतले. "आपली थोरली अशीच व्हती, शेवयांबिगर काय खायची न्हाय," ही म्हणाली. इकडं शेजाऱ्यांचीही तूर मळून झाली आणि अळ्या संपल्या. डबीत शेवटची एक उरली. ती हिनं राखून ठेवली आणि भूक लागली की सुधारेल म्हणून त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं. सुधारला नाही. फांदीला चिकटून बसला, अंगावरचा हिरवा रंग जाऊन मळकट दिसायला लागला.

मग मला हुकूम झाला, "हरभऱ्यातनं अळ्या आणा." गेलो. वाकून वाकून कंबरडं मोडलं, पण अळी काही सापडली नाही. चारच दिवसांपूर्वी फवारलं होतं ना! त्या स्वच्छ हरभऱ्याचा मला जन्मात पहिल्यांदा राग आला. बांधाकडेला मात्र नाकतोडे होते, आणि तेही असे शहाणे की हात लावला की हातात. सहा-सात डबीत भरले आणि ऐटीत घरी आलो.

हिनं एक चिमट्यात धरून मच्छरदाणीत घातला. भुकेनं असेल, पण घोयऱ्याचा एक डोळा नाकतोड्याकडं वळला. दुसरा माझ्यावर होता. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाकतोडा कधी असा सुखासुखी हाताला लागतो का? लहानपणी एक धरायला आम्ही अख्खं रान पालथं घालायचो. ह्यांना तर उडताच येत नव्हतं.

"थांब गं!" मी हिच्या हातावर फटका मारला. चिमटा नाकतोड्यासकट खाली पडला.

"आवो, काय झालं?"

"औषध लागलंय त्यांना. मी मारलेलं."

तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मला माझीच लाज वाटली, सरळ सांगतो. घरातली झुरळं बघावीत म्हटलं, तर तीही मीच खडू मारून संपवलेली. एका पिल्लाचं पोट भरेल एवढंसुद्धा जिवंत काही मी कुठं शिल्लक ठेवलं नव्हतं.

शेवटी उकिरडा कामाला आला. तिथं औषध कधी गेलं नव्हतं. मागच्या गवतात एक बारका, टुणटुण उड्या मारणारा नाकतोडा होता. तो धरायला मला सगळी सकाळ लागली, दोन्ही गुडघे सोलले. हिनं ती राखलेली अळी घोयऱ्यासमोर हलवत धरली. त्यानं नेम धरला, तसा मी नाकतोडा आडवा घातला. सप्पकन जीभ सुटली. तोंडातून नाकतोड्याची तंगडी बाहेर, आणि चेहरा असा, की फसवलं म्हणून आता पंचायतीत जातो! मग हळूहळू चावायला लागला.

"खाल्लं की हो! खाल्लं!" म्हणत हिनं पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर त्यानं माश्या, उकिरड्यातले भुंगे, काही सोडलं नाही. पाय धड झाल्यावर आम्ही त्याला हरभऱ्याच्या बांधावरच्या बाभळीवर सोडलं. बघता बघता पाल्यात मिसळून गेला.

पुढच्या हिवाळ्यात हरभऱ्याला घाटे धरले आणि अळी पडली. मी पंप भरून पाठीवर घेतला. निघताना हिनं विचारलं, "कुठल्या बाजूला असंल हो तो?"

बांधावर उभा राहिलो. बाभळीत बघितलं, हरभऱ्यात वाकून बघितलं. जिवंत आहे का नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. दिसला असता तर तेवढी बाजू सोडून बाकीचं फवारलं असतं. दिसला नाही. भरलेला पंप तसाच घेऊन घरी आलो.